रशियन विशेषणाचं शेपूट सारखं चुकतंय? आधी दुखणं कोणतं ते ओळखा

‘या झिवु व बोल्शोय गोरोदे.’ मी मोठ्या शहरात राहतो. माझ्याकडे रशियन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मराठी मुलाच्या वहीत हे वाक्य कधी ना कधी सापडतं आणि मी ‘बोल्शोय’भोवती लाल गोल काढते. हवं होतं ‘बोल्शोम’. मूल मान डोलावतं, विभक्तीचा तक्ता दहा वेळा लिहून आणतं आणि पुढच्या आठवड्यात ‘व नोवोय दोमे’ लिहून मोकळं होतं.

तक्ता त्याला पाठ असतो. रात्री झोपेतून उठवून विचारला तरी म्हणून दाखवेल. बोलायला लागलं की मात्र शेपूट चुकतं. (विशेषणाच्या शेवटाला आम्ही वर्गात शेपूटच म्हणतो, प्रत्यय म्हटलं की मुलं गंभीर होतात.) तेव्हा अकराव्यांदा तक्ता लिहायच्या आधी चूक कुठून येते ते बघू.

एक सोय सांगून ठेवते. इथे रशियन शब्द अक्षराबरहुकूम देवनागरीत लिहिले आहेत. बोलताना जोर नसलेला ‘ओ’ ‘अ’कडे झुकतो, म्हणून लिहायचं ‘खोरोशो’ आणि ऐकू येतं ‘खराशो’.

पहिली तपासणी अशी करा. ‘बोल्शोय’च्या जागी ‘नोवीय’ म्हणजे नवा हा शब्द घालून तेच वाक्य पुन्हा म्हणा. हे कशासाठी? ‘बोल्शोय’ फसवं आहे. पुल्लिंगी मूळ रूपही ‘बोल्शोय’ आणि स्त्रीलिंगी षष्ठी-सप्तमीचं रूपही ‘बोल्शोय’. त्यामुळे वहीत दिसणारी चूक एकच असली तरी तिच्यामागे दोन वेगळी दुखणी असू शकतात. ‘नोवीय’ घातलं की ती वेगळी होतात. तुमच्या तोंडून ‘व नोवीय गोरोदे’ आलं तर विशेषण हलवायचंच राहून गेलं. ‘व नोवोय गोरोदे’ आलं तर हलवलंत, पण एकच रूप सगळीकडे चिकटवताय. दोन्हींचं औषध वेगळं.

दुसरं दुखणं आपल्याकडे जास्त दिसतं, आणि ते मराठीतून आलेलं असतं. बघा: मोठ्या घरात, मोठ्या घरातून, मोठ्या घराकडे, मोठ्या घरासमोर. नामाच्या शेपटीला काहीही लागो, विशेषण एकदा ‘मोठ्या’ झालं की झालं. शाळेत याला सामान्यरूप म्हणायचो. आता रशियन घर बघा: व बोल्शोम दोमे, इझ बोल्शोगो दोमा, क बोल्शोमु दोमु, पेरेद बोल्शीम दोमोम. चार जागा आणि चार शेपटं. मराठी डोकं इथे ‘मोठ्या’सारखं एकच सर्वकामी रूप शोधत राहतं.

गंमत म्हणजे तसं रूप रशियनमध्ये आहे, पण ते स्त्रीलिंगात. मोठ्या खोलीत, खोलीतून, खोलीकडे, खोलीसमोर: व बोल्शोय कोम्नाते, इझ बोल्शोय कोम्नाती, क बोल्शोय कोम्नाते, पेरेद बोल्शोय कोम्नातोय. षष्ठी, चतुर्थी, तृतीया, सप्तमी, चारही विभक्त्यांत ‘बोल्शोय’ जागचं हलत नाही. अगदी आपल्या ‘मोठ्या’सारखं! मराठी मुलांना ही खोली लगेच आवडते आणि मग ती शहरालाही ‘ओय’ लावून मोकळी होतात. ‘व नोवोय गोरोदे’चा उगम हा.

औषध सांगते. तक्ता उभा पाठ करू नका. उभा पाठ केला की बोलताना पायरी पायरी उतरत जावं लागतं, तोवर समोरचा निघून गेलेला असतो. शब्दयोगी, विशेषण आणि नाम हे त्रिकूट एकदम तोंडात बसवा. ‘व बोल्शोम दोमे’ हा एकच शब्द आहे असं समजायचं. अशी चार-पाच त्रिकुटं घराची (पुल्लिंगी), चार-पाच खोलीची (स्त्रीलिंगी) बसली की नवा शब्द त्याच चालीवर बसतो. नपुंसकलिंगाला वेगळे कष्ट नाहीत. प्रथमा आणि द्वितीया सोडली तर त्याची शेपटं पुल्लिंगाचीच. अनेकवचनात तर लिंगभेदच संपतो: नोवीये दोमा, नोवीये क्नीगी, नोवीये ओक्ना. आपल्याला ‘काळे घोडे, काळ्या गायी, काळी मांजरं’ असं तिथेही सांभाळावं लागतं. इथे रशियन भाषा आपल्यापेक्षा सोपी आहे हे कबूल करायला हवं.

रशियात वैद्यकीय शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी पहिलं त्रिकूट मी ठरवूनच टाकलंय: ‘या उचूस व मेदित्सीन्स्कोम उनिवेर्सितेते’. मी वैद्यकीय विद्यापीठात शिकतो. विमानतळावर, वसतिगृहात, बँकेत, सगळीकडे हे सांगावं लागतं. ‘व मेदित्सीन्स्कीय उनिवेर्सितेत’ म्हणालात तर त्याचा अर्थ विद्यापीठाकडे, आत, असा जाण्याचा होतो आणि ‘शिकतो’ या क्रियापदाशी तो जुळत नाही.

पहिलं दुखणं, म्हणजे विशेषण न हलवणं, बहुतेक वेळा आपल्या लाल, सुंदर, हुशार, स्वच्छ या मंडळींमुळे होतं. लाल फेटा, लाल साडी, लाल फूल. मराठीत ही विशेषणं अविकारी, ढिम्म बसून राहणारी. काळा-काळी-काळे म्हणताना जे मूल चुकत नाही तेच ‘क्रास्नीय’ म्हणजे लाल हा शब्द आला की गाफील होतं, कारण डोक्यात ‘लाल’ आहे आणि लाल कधी बदलत नाही. रशियनमध्ये बेझ, खाकी असे मोजके बाहेरून आलेले रंग सोडले तर सगळे हलतात. म्हणून नवं विशेषण वहीत उतरवताना शेजारी ‘लाल’ लिहू नका. ‘क्रास्नीय, क्रास्नाया, क्रास्नोये’ असं तिन्ही लिहा. अर्थ तसाही लक्षात राहतो.

आता तिसरी तक्रार. ‘विभक्ती नाही, काही नाही, साधी प्रथमा आहे, तरी चुकलं.’ मग विशेषणाला दोष देऊ नका, नामाचं लिंग तपासा. मराठीला तीन लिंगं, रशियनला तीन लिंगं, म्हणून इंग्रजीवाल्यांपेक्षा आपण सुखी असं मी पहिल्या दिवशी सांगते आणि दुसऱ्या दिवसापासून तेच सुख आड येतं. आपण तीन लिंगांबरोबर आपली लिंगंही घेऊन जातो. भाषा ती, म्हणून ‘रूस्काया याझीक’. पण याझीक पुल्लिंगी आहे, रूस्कीय याझीक. पुस्तक ते, पण क्नीगा स्त्रीलिंगी. खिडकी ती, पण ओक्नो नपुंसक. पाणी ते, वोदा स्त्रीलिंगी. घर ते, दोम पुल्लिंगी. नाव ते आणि ‘इम्या’ही नपुंसक. हे जुळतं, पण शेवटी ‘या’ दिसल्यामुळे मुलं त्याला स्त्रीलिंगी करतात. अशी जेमतेम १० नामं आहेत, त्यातली इम्या आणि व्रेम्या (वेळ) एवढी दोन आधी पाठ करा. खोगिराची रिकीब आणि गाईची कास नंतर भेटतील तेव्हा भेटतील.

कॉफी ती, पण ‘कोफे’ पुल्लिंगी: चोर्नीय कोफे. शेवटी ‘ए’ असल्यामुळे रशियन माणसंही तिला नपुंसक करत असत. २००९ साली सरकारमान्य कोशांत नपुंसकही चालेल असं आलं तेव्हा तिकडे चांगलाच गदारोळ झाला होता. परीक्षेत पुल्लिंगीच लिहा. आणि आपली साडी? तीही रशियनमध्ये गेली आहे, ‘सारी’ म्हणून, आणि नपुंसक झाली आहे: क्रास्नोये सारी. स्वतःच्या साडीला ‘लाल ते’ म्हणायला जीभ अडखळते, पण इलाज नाही.

खरी डोकेदुखी मृदुचिन्हाने (ь, आधीचं व्यंजन मऊ असल्याची खूण) संपणाऱ्या नामांची. ‘देन’ (दिवस) पुल्लिंगी, ‘नोच’ (रात्र) स्त्रीलिंगी, दिसायला सारखीच. यावर मला एकच उपाय माहीत आहे: असं नाम कधीही एकटं पाठ करायचं नाही. ‘प्लोश्चाद’ म्हणू नका, ‘क्रास्नाया प्लोश्चाद’ म्हणा, मॉस्कोचा लाल चौक. (हे ‘क्रास्नाया’ मुळात लाल रंगाचं नव्हे. जुन्या रशियनमध्ये त्याचा अर्थ सुंदर असा होता.) ‘देन’ऐवजी ‘दोब्रीय देन’. नमस्काराचे शब्द तर तुम्हाला पहिल्याच दिवशी येतात, त्यांचाच वापर करा. दोब्रोये उत्रो, दोब्रीय देन, दोब्रीय वेचेर: सकाळ नपुंसक, दिवस आणि संध्याकाळ पुल्लिंगी. रात्री ‘स्पोकोयनोय नोची’ म्हणतात, ‘स्पोकोयनाया नोच’ नाही, कारण तिथे ‘इच्छितो’ हे क्रियापद गिळलेलं आहे आणि इच्छा केलेली वस्तू षष्ठीत जाते.

लिंगाशी संबंधित एक चूक खास आपली आहे. ‘माझे बाबा उंच आहेत’ याचं मुलं करतात ‘मोई पापा वीसोकीये’. बाबांना एकवचनी म्हणायला मन धजत नाही! कौतुकच वाटतं, पण चूक ती चूक. रशियनमध्ये माणसाबद्दल बोलताना आदरार्थी बहुवचन नाही. बाबाही ‘तो’च: मोय पापा वीसोकीय. काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि शेवटचा ‘आ’ बघून ‘मोया पापा’ करतात. पापा, द्याद्या (काका-मामा), देदुश्का (आजोबा), मुझ्चीना (पुरुष) ही सगळी स्त्रीलिंगी वेशातली पुरुषमंडळी, त्यांची विशेषणं पुल्लिंगीच. समोरच्याशी थेट बोलताना मात्र ‘वी’ म्हणजे तुम्ही हे आदराचं रूप आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

द्वितीयेची गाठ लवकर सोडवता येते. ‘मी नवीन पुस्तक वाचते’ यात आपल्याला ‘पुस्तक’ला काही लावावं लागत नाही, म्हणून ‘या चितायु नोवाया क्नीगा’ होतं. स्त्रीलिंगाला इथे ‘उयु’ लागतं: नोवुयु क्नीगु. कानाला गोड आहे, चुकलं की लगेच खटकेल इतक्या वेळा म्हणा. पुल्लिंगात कर्म सजीव की निर्जीव ते बघायचं. वीझु नोवीय दोम, पण वीझु नोवोगो स्तुदेन्ता. हे आपल्याला परकं नाही: ‘नवं घर पाहतो’ आणि ‘नव्या विद्यार्थ्याला पाहतो’. जिथे आपला ‘ला’ येतो तिथे रशियन षष्ठीचं रूप उसनं घेते. फरक प्राण्यांचा. आपण ‘काळा बोका पाहिला’ असं ‘ला’शिवाय सहज म्हणतो, रशियन बोक्यालाही माणसासारखं वागवते: वीदेल चोर्नोगो कोता. अनेकवचनात हा नियम तिन्ही लिंगांना लागतो. वैद्यकीयच्या मुलांना एक गंमत सांगते. मृतदेह या अर्थाचा ‘त्रूप’ व्याकरणात निर्जीव आहे, पण दिवंगत माणूस या अर्थाचा ‘पोकोयनिक’ सजीव.

‘नोवोगो’ लिहिलंय खरं, पण त्यातला ‘ग’ कोणी उच्चारत नाही. ‘नोवोवो’ असा, म्हणजे प्रत्यक्षात ‘नोवावा’ असा ऐकू येतो. ऐकून लिहिणारी मुलं इथे ‘व’ लिहितात आणि वाचून बोलणारी ‘ग’ म्हणतात. खूण म्हणून ‘आज’ हा शब्द ठेवा. लिहायचं ‘सेगोद्न्या’, म्हणायचं ‘सिवोद्न्या’. तोही मुळात ‘या दिवसाचा’ अशी षष्ठीच आहे, गोठलेली.

लिहिण्यातल्या चुका थोडक्यात उरकते. क, ग, ख, झ, च, श, श्च यांच्यानंतर जाड ‘ई’ (ы) लिहीत नाहीत, साधी ‘ई’ (и) लिहितात. म्हणून ‘नोवीय’मध्ये जाड आणि ‘रूस्कीय’मध्ये साधी. शकारी अक्षरांनंतर आणि ‘त्स’नंतर जोर नसलेला ‘ओ’ आला की त्याचा ‘ए’ होतो: खोरोशेये. पण जोर असेल तर ‘ओ’ टिकतो: बोल्शोये. ‘सीनीय’ (निळा), ‘पोस्लेद्नीय’ (शेवटचा) अशी मृदू विशेषणं वेगळी जात वाटतात, पण शेपटं तीच, फक्त मऊ केलेली: सीन्याया, सीनेये, सीनेगो.

विशेषण आहे हे ओळखूच न येणं हा आणखी एक प्रकार. माझी एक विद्यार्थिनी रशियात तिसऱ्या वर्षाला असताना तिने रुग्णाच्या नोंदीत लिहिलं, ‘उ बोल्नोय वीसोकाया तेम्पेरातूरा’. रुग्णाला खूप ताप आहे. खाटेवर होते मिशीवाले आजोबा. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी कागद वाचला, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, या बाई कुठे आहेत? ‘बोल्नोय’ म्हणजे आजारी. विशेषणच, पण रशियनमध्ये तेच रुग्ण या अर्थाचं नाम होतं. आजोबांचं हवं होतं ‘उ बोल्नोगो’, आजींचं ‘उ बोल्नोय’. हिने मूळ रूप तसंच ठेवलं आणि आजोबांच्या आजी झाल्या. तुमच्या लक्षात आलं असेल, ही वर सांगितलेली ‘बोल्शोय’चीच फसवणूक. शेवटावर जोर असलेली सगळी विशेषणं, बोल्शोय, बोल्नोय, मोलोदोय, द्रुगोय, असाच दगा देतात.

असे वेश पालटलेले शब्द बरेच आहेत. स्तोलोवाया (खानावळ), वान्नाया (न्हाणीघर), मोरोझेनोये (आइस्क्रीम), उचोनीय (शास्त्रज्ञ), झिवोत्नोये (प्राणी). यांना नामाची शेपटं लावू नका. खानावळीत म्हणजे ‘व स्तोलोवोय’. चेचन्याची राजधानी ग्रोझनी हेही विशेषण आहे, उग्र या अर्थाचं, म्हणून तिथे म्हणजे ‘व ग्रोझ्नोम’. आडनावंही यातून सुटत नाहीत. तोल्स्तोय हे विशेषण, म्हणून त्यांच्या पत्नी सोफिया तोल्स्ताया. दोस्तोयेव्स्कींच्या पत्नी अन्ना दोस्तोयेव्स्काया. तोल्स्तोयचं पुस्तक म्हणजे ‘क्नीगा तोल्स्तोगो’, आणि म्हणायचं मात्र ‘तल्स्तोवा’.

आकडा आला की होणारी चूक टाळायची तर नियम समजून घेण्यापेक्षा पाठ करावा अशा मताची मी आहे. २, ३, ४ नंतर नाम षष्ठी एकवचनासारखं दिसतं, आणि पुल्लिंगी-नपुंसक विशेषण मात्र षष्ठी अनेकवचनात जातं: द्वा नोवीख दोमा. स्त्रीलिंगात सहसा प्रथमा अनेकवचन: द्वे नोवीये क्नीगी. ५ ते २० सगळं सरळ षष्ठी अनेकवचन: प्यात नोवीख क्नीग. २-३-४ चा हा विचित्रपणा रशियनमध्ये एकेकाळी असलेल्या द्विवचनाचा अवशेष आहे. संस्कृत केलेल्यांना तो निदान ओळखीचा तरी वाटेल.

शेवटी आखूड रूपं. ‘तो आजारी आहे’ आणि ‘आजारी माणूस’, मराठीत शब्द एकच. रशियनमध्ये आत्ता आजारी असेल तर ‘ओन बोलेन’, ती असेल तर ‘ओना बोल्ना’. ‘ओन बोल्नोय’ म्हटलं तर तो कायमचा दुखणाईत ठरतो. ही आखूड रूपं फक्त विधेयात येतात, विभक्ती घेत नाहीत. काही विशेषणांना तर अशा अर्थाने एवढंच रूप आहे: राद (आनंद झालेला), दोल्झेन (करायला हवं असलेला). मुलींनो, ध्वनिफितीत पुरुषाचा आवाज आहे म्हणून तुम्ही ‘या राद’ म्हणू नका, ‘या रादा’. ‘मी दमलो’ म्हणाल का?

दुकानात चपला-बूट घेताना आखूड रूपाचा अर्थ बदलतो. ‘मालेन्कीये तूफ्ली’ म्हणजे छोटे बूट, पण ‘तूफ्ली म्न्ये माली’ म्हणजे मला लहान होतायत, चावतायत. आणि मघाशी राहिलेलं ‘वी’: समोरच्या एकाच माणसाला आदराने म्हणताना आखूड रूप अनेकवचनी, ‘वी प्रावी’ (तुमचं बरोबर आहे), आणि पूर्ण रूप मात्र एकवचनी, माणसाच्या लिंगाप्रमाणे, ‘वी ताकाया उम्नाया’ (तुम्ही किती हुशार आहात). बाईंना म्हणताय हे उघड.

इतकं तपासून झालं असेल तर एक परीक्षा घ्या. मॉस्कोत २०२२ साली अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा बसवला, तो जिथे आहे त्या ग्रंथालयाचं नाव: व्सेरोसीय्स्काया गोसुदारस्त्वेन्नाया बिब्लिओतेका इनोस्त्रान्नोय लितेरातूरी. अखिल रशियन राज्य ग्रंथालय, परदेशी साहित्याचं. आता ‘या ग्रंथालयात’ असं म्हणा. पहिल्या दोन विशेषणांना ‘ओय’ लागायला हवा, ‘बिब्लिओतेका’चं ‘बिब्लिओतेके’ व्हायला हवं. शेवटच्या दोन शब्दांना हात लावलात तर चुकलात. ते आधीच षष्ठीत बसलेले आहेत.